सेकंदाला चार हजार फूट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. मी बोलणार आहे बंदुकीच्या गोळीच्या वेगाबद्दल. युद्धातल्या गोळीच्या नाही आणि पोलिसांच्याही नाही. अमेरिकेत कुरणाच्या कडेला बसून, रायफलीवर दुर्बीण लावून, दोनशे-तीनशे मीटरवरच्या खारीच्या जातीतल्या प्राण्यावर नेम धरणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या रायफलीतून सुटणाऱ्या गोळीबद्दल. या मंडळींनी गेली शंभर वर्षं एकच ध्यास घेतला: गोळी आणखी वेगानं गेली पाहिजे. त्या ध्यासापायी त्यांनी पैसा ओतला, पोलाद जाळलं, आणि मला वाटतं, इंजिनिअरिंगचा एक फार चांगला धडा जगापुढे ठेवला. तो धडा शिकारीशी काही संबंध नसलेल्या माणसालाही उपयोगी पडावा असा आहे.

मी स्वतः शिकारी नाही. प्राण्यावर मी कधीच गोळी झाडलेली नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. लेथ, ग्राइंडर, मायक्रोमीटर आणि ‘थाऊ’, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ही माझी दुनिया. निवृत्तीनंतर मुलीकडे कोलोरॅडो राज्यात काही उन्हाळे राहिलो. तिथे एका वयस्कर बंदूक-कारागिराच्या वर्कशॉपात जाऊन बसायचा नाद लागला. लेथवर काम केलेल्या दोन माणसांना ओळख व्हायला वेळ लागत नाही. रायफलीच्या नळीत काडतूस बसतं तो कोठा हे गृहस्थ रिमरनं असा कापत, की नळीच्या मध्यापासून तो अर्धा थाऊसुद्धा सरकू नये. कारखान्यात तयार झालेली रायफल विकत घ्यायची त्यांच्या गिऱ्हाइकांना हौसच नव्हती. त्यांना अंगाला मापून शिवलेल्या कोटासारखी, आपल्या काडतुसाला मापून केलेली रायफल हवी असे.

आता या शिकारीचं नाव. इंग्रजीत उपद्रवी जीवांना ‘व्हर्मिन’ म्हणतात. त्याचा गावठी अपभ्रंश म्हणजे ‘व्हार्मिंट’. अमेरिकेच्या पूर्वेकडे पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत वुडचक नावाचा बिळं करून राहणारा प्राणी असतो. पश्चिमेच्या गवताळ मैदानांत प्रेअरी डॉग. नावात ‘डॉग’ असला तरी तो कुत्रा नव्हे. तो खारीच्या कुळातला, जेमतेम किलोभर वजनाचा, वसाहती करून राहणारा जीव. धोका दिसला की बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून कुत्र्यासारखा भुंकतो, म्हणून हे नाव. गुरं पाळणाऱ्यांची तक्रार अशी, की हे प्राणी गवत खातात आणि जमीन पोखरतात. त्यातून त्यांना मारण्याची प्रथा पडली आणि प्रथेतून हौस आली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा हौसेला जागाच उरली नाही. त्यामुळे आपल्याला हा सगळा प्रकार लांबून, शांतपणे पाहता येतो.

मग वेग कशाला हवा? इथे शाळेतलं थोडं गणित करावं लागेल. गोळी नळीतून सुटली, की त्याच क्षणापासून खाली पडायला लागते. हातातून सोडलेला दगड पडतो तशीच. ती पुढे जाते म्हणून पृथ्वी तिला सूट देत नाही. समजा, हवेचा विरोध बाजूला ठेवला आणि गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटर धरला. तीनशे मीटर जायला तिला अर्धा सेकंद लागेल आणि तेवढ्यात ती सव्वा मीटरच्या आसपास खाली येईल. वेग १००० मीटर केला तर ती पडेल फक्त ४४ सेंटिमीटर.

तुम्ही म्हणाल, पडू दे, तेवढा नेम वर धरायचा. बरोबर आहे; पण त्यासाठी अंतर माहीत हवं. मोकळ्या माळावर ना झाड, ना खांब. तिथे तीनशे मीटरचं अंतर अडीचशे वाटणं अगदी सहज शक्य आहे. अडीचशे धरून नेम घेतला आणि प्राणी तीनशेवर निघाला, तर सहाशे मीटर वेगाची गोळी सुमारे वीस सेंटिमीटर खाली जाईल. हजार मीटर वेगाची जाईल सातच सेंटिमीटर खाली. प्रेअरी डॉगचं शरीर एवढंसं. पहिल्या गोळीनं नेम चुकणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्राणी जखमी होऊन बिळात शिरणार आणि आत तडफडून मरणार. दुसऱ्या गोळीनं तो जागच्या जागी मरण्याची शक्यता पुष्कळ जास्त. म्हणजे वेगाचा हट्ट सुरुवातीला पोकळ नव्हता. अंतर ठाऊक नाही, या अडचणीवर शोधलेला तो इलाज होता. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वेगाचं आणखी एक कारण होतं. फार वेगानं जाणारी, पातळ आवरणाची गोळी जमिनीला लागताच फुटून तिचा चुरा होतो. संथ गोळी दगडावरून उसळून कुणाच्या तरी गोठ्यात शिरू शकते. शेतवस्तीच्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे.

या शर्यतीची सुरुवात झाली १९१५ साली. चार्ल्स न्यूटन यांनी आखलेलं एक काडतूस सॅव्हेज कंपनीनं बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच वेगाचा आकडा घातला: .२५०-३०००. सेकंदाला तीन हजार फूट! तो आकडा जाहिरातीत छापता यावा म्हणून कंपनीनं गोळी मुद्दाम हलकी, ८७ ग्रेनची ठेवली. ग्रेन हे बंदुकीच्या जगातलं वजनाचं माप. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आकड्यासाठी गोळी बदलायची, ही खोड या धंद्याला तेव्हापासूनची आहे.

१९३०मध्ये .२२ हॉर्नेट हे छोटंसं काडतूस आलं. त्याचा वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास. शिकारी खूश झाले. आणि १९३५ साली विंचेस्टर कंपनीनं बॉम्ब टाकला, .२२० स्विफ्ट. अमेरिकन नौदलाच्या एका जुन्या रायफलीच्या काडतुसावरून ते बेतलेलं होतं. गोळी ४८ ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमची. सोन्याच्या एखाद्या अंगठीएवढी. तिचा जाहीर केलेला वेग सेकंदाला ४११० फूट. म्हणजे साडेबाराशे मीटर, आवाजाच्या साडेतीन पटीहून अधिक. मुंबईहून पुण्याला याच वेगानं जायचं म्हटलं तर दोन मिनिटं पुरतील! कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसानं चार हजारांची रेघ ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

मग प्रश्न आला: पाच हजार का नाही?

हौशी कारागिरांकडे त्यासाठी एक वाट होती. कंपनीचं पितळी काडतूस घ्यायचं, त्याचं तोंड आवळायचं, खांद्याचा कोन बदलायचा, आणि त्या नव्या आकाराच्या मापाचा कोठा रायफलीत कापून घ्यायचा. अशा घरगुती काडतुसांना ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. या विद्येतलं सर्वांत मोठं नाव पार्कर ओटो अ‍ॅकली यांचं. कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडॅड या गावातल्या कॉलेजात ते बंदूक-कारागिरी शिकवत. त्यांनी अर्धी गंमत आणि अर्धा प्रयोग म्हणून एक काडतूस बनवलं. हत्तीसारख्या अजस्र जनावरासाठी केलेलं .३७८ वेदरबी हे काडतूस घेतलं आणि त्याचं तोंड आवळून त्यात ती इवलीशी .२२ची गोळी बसवली. हत्तीच्या हौदाला बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच! नावही खोट्या जर्मन थाटाचं ठेवलं, ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’, म्हणजे कानठळ्या बसवणारा महाधडाका. लक्ष्य होतं पाच हजार फुटांचं. अ‍ॅकली पोचले ४६०० फुटांपर्यंत.

इथे जरा थांबून हिशेब करू. या अवाढव्य नळकांड्यात स्विफ्टच्या दुपटीहून जास्त दारू मावते. आणि वेग वाढला किती? साधारण १२ टक्के. दुप्पट दारू, बारा टक्के वेग! बाकीची दारू गेली कुठे?

याचं उत्तर मला त्या वर्कशॉपात बसून नीट उमगलं. आपली समजूत अशी, की दारू जळते, वायू होतो आणि तो गोळीला ढकलतो. पण त्या वायूलाही वजन असतं. जेवढी दारू जाळाल तेवढ्याच वजनाचा वायू तयार होतो, आणि गोळीच्या मागोमाग त्यालाही नळीतून धावावं लागतं. स्विफ्टमध्ये गोळी ४८ ग्रेनची आणि दारू चाळीसेक ग्रेन, म्हणजे जवळजवळ बरोबरी. दारू आणखी वाढवली की ती गोळीला ढकलण्यापेक्षा स्वतःलाच ढकलण्यात खर्ची पडते. आपल्याकडे एसटी अडली की प्रवासी उतरून धक्का मारतात. इथे धक्का मारणारे गाडीतच बसून आहेत, आणि जितके जास्त चढवाल तितकी गाडी जड होते आहे. शास्त्रज्ञांना याहून जास्त वेग हवा असतो तेव्हा ते दारूच्या जड वायूऐवजी हायड्रोजन किंवा हेलियमसारखा हलका वायू वापरतात. अशा यंत्रांतून सेकंदाला सात किलोमीटरहूनही जास्त वेग मिळवला गेला आहे. पण ती खोलीभर मावणारी यंत्रं. खांद्याला लावून झाडायची वस्तू नव्हे.

दाब वाढवून वेग मिळवावा, तर तिथेही भिंत आहे. स्विफ्टच्या काडतुसासाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे चौरस इंचाला ६२ हजार पौंड. तुमच्या मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दोन हजार पट. हा दाब पेलतं कोण? मागच्या बाजूला ते पातळ पितळ आणि त्याला आधार देणारं बोल्टचं पोलाद. त्याहून पुढे गेलं तर फुटण्याचा धोका रायफलीला, आणि रायफलीला गाल लावून बसलेल्या माणसाला.

आता नळीची कहाणी. कारागिरांनी एकदा मला वापरून निकामी झालेली, उभी चिरलेली नळी दाखवली. पुढचा भाग आरशासारखा लखलखीत; पण जिथून गोळी सुटते तो नळीचा गळा भिंगातून पाहिला तर उन्हाळ्यात तडे गेलेल्या तळ्याच्या तळासारखा. जळत्या दारूचं तापमान पोलादाच्या वितळबिंदूच्या कितीतरी वर असतं. नळी वितळत नाही ती केवळ वेळ फार थोडा असतो म्हणून. तरी प्रत्येक गोळीबरोबर पृष्ठभाग भाजतो, आकसतो आणि चिरतो. सौम्य काडतुसाची नळी कित्येक हजार गोळ्या टिकते. अति वेगवान काडतुसाची हजार-दोन हजारांत अचूकपणा गमावते.

मी विचारलं, “ही किती चालली?”

ते म्हणाले, “वेळात सांगू की गोळ्यांत?”

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. गोळी नळीत असते सुमारे एक हजारांश सेकंद. दोन हजार गोळ्या म्हणजे झाले दोन सेकंद. आठवडाभर राबून, अर्ध्या थाऊपर्यंत मापं सांभाळून बसवलेल्या नळीचं कामाचं एकूण आयुष्य दोन-सव्वादोन सेकंद! टूलरूममध्ये मी पुष्कळ हत्यारं झिजताना पाहिली, पण असा हिशेब कधी ऐकला नव्हता.

गोळीचेही हाल कमी नसतात. ती सरळ जावी म्हणून नळीच्या आत पीळ दिलेले खाचे असतात. त्यातून ती गरगर फिरत बाहेर पडते. स्विफ्टच्या नळीत पीळ चौदा इंचांना एक फेरा असा. सेकंदाच्या चार हजार फुटांना चौदा इंचांनी भागून पाहा. मिनिटाला दोन लाखांवर फेरे होतात. मोटारीचं इंजिन सहा-सात हजारांवर ओरडायला लागतं. पीळ आणखी घट्ट, नऊ इंचांना एक असा केला तर फेरे तीन लाखांपलीकडे जातात. दाताच्या डॉक्टरकडचं ते किंचाळणारं ड्रिल असतं ना, त्याची ही गती. हॉर्नेटसारख्या संथ काडतुसासाठी केलेली पातळ आवरणाची गोळी या वेगानं झाडली तर ती वाटेतच फाटते. आवाज होतो, हवेत करड्या धुराची एक रेघ दिसते, आणि निशाण्यावर काहीच पोचत नाही. वेग मिळाला, गोळी गेली!

आणि या सगळ्यातून तरलेल्या गोळीची वाट पाहत असते हवा. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं गोळीचा वेग मोजायची युक्ती छापली. टांगलेल्या जड लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलला ते मोजायचं. त्याच मोजमापांतून त्यांना कळलं, की वेगवान गोळीला हवेचा होणारा विरोध तोवरच्या सगळ्या समजुतींहून भयंकर जास्त असतो. हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी आपल्या देशात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापानं वारले. त्यांचा नियम अडीचशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. हलकी, आखूड गोळी नळीच्या तोंडाशी वाऱ्यासारखी असते आणि तीन-चारशे मीटरवर दमलेली असते. पिसाला कितीही जोरानं फेका, ते लांब जात नाही. वजनदार, लांबुडकी, टोकदार गोळी सुटताना मागे असते, पण वेग कमी गमावते. वारा आडवा असेल तर दूरवर तीच कमी ढळते.

मघाशी एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं: वेग हा अंतर ठाऊक नसण्यावरचा इलाज होता. १९९०च्या दशकात लेझर किरणानं अंतर मोजणारी, खिशात मावणारी यंत्रं शिकाऱ्यांच्या हाती आली. बटण दाबा, आकडा वाचा: दोनशे सत्याऐंशी. अंतर ठाऊक झालं, की गोळी किती पडणार हे कोष्टकात पाहायचं आणि दुर्बिणीचा स्क्रू तेवढा फिरवायचा. साठ वर्षं ज्या अडचणीसाठी दारू आणि नळ्या जाळल्या, ती एका बटणानं मिटली. उरला वारा, आणि वाऱ्यावर उपाय म्हणजे चांगल्या आकाराची, जड गोळी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच जातीच्या रायफलींच्या नळ्या घट्ट पिळाच्या आणि लांब, जड गोळ्यांसाठी होऊ लागल्या आहेत. नळीच्या तोंडाशी वेग कमी. दूरवर नेम पक्का. कारागीर सांगत, पूर्वी गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, “किती फूट?” आता विचारतं, “वाऱ्यात किती ढळेल?” चार हजारांचे भक्त अर्थात आजही आहेत. २००४मध्ये आलेल्या .२०४ रूगर या काडतुसाच्या जाहिरातीत ४२२५ फुटांचा आकडा अभिमानानं छापला होता.

वेगाच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, तेही सांगायला हवं. जमिनीवर चुरा होते म्हणून सुरक्षित ठरलेली गोळी प्राण्याच्या शरीरातही चुराच होते. २००७ साली वायोमिंग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा गोळ्यांनी मेलेल्या प्रेअरी डॉगांची क्ष-किरणांनी तपासणी प्रसिद्ध केली. फुटणाऱ्या गोळ्यांनी मेलेल्या बहुतेक सगळ्या प्राण्यांत शिशाचे कण सापडले. न फुटणाऱ्या गोळीनं मेलेल्यांत फार थोड्यांत. हे मेलेले प्राणी कुरणातच पडून राहतात. त्यांच्यावर गरुड आणि ससाणे उतरतात आणि मांसाबरोबर ते शिसं गिळतात. शिसं हे विष आहे. कॅलिफोर्निया राज्यानं शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरायला २०१९च्या जुलैपासून पूर्ण बंदी केली, त्यामागे गिधाडांच्या आणि गरुडांच्या विषबाधेचाच अनुभव होता. तांब्याच्या गोळ्या आता मिळतात. पण उपद्रवी ठरवलेल्या एका जिवावर झाडलेली गोळी ज्याचा उपद्रव नाही अशा दुसऱ्या जिवाच्या पोटात जाते, हा हिशेब १९३५च्या जाहिरातीत नव्हता.

शेवटी आपल्या मातीतलं एक उदाहरण देतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत गोळीचा व्यास तोच असतो, .२२. पण सामन्याच्या त्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, आवाजापेक्षाही कमी. आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीला जे हेलकावे बसतात, ते टळावेत म्हणून. स्विफ्टच्या पावपट वेगाची ही गोळी पन्नास मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळात पुन्हा पुन्हा जाऊन बसते. अंतर पक्कं ठाऊक आहे, श्वास ताब्यात आहे, वारा वाचता येतो आहे. मग वेगाला घाई कसली?

आमच्या टूलरूममध्ये नवीन आलेली पोरं मशीनचा वेग वाढवायला उतावीळ असत. जुने मिस्त्री त्यांना आधी गेज हातात द्यायचे आणि म्हणायचे, “पोरा, अगोदर माप घे.” कोलोरॅडोतल्या त्या चिरलेल्या नळीकडे पाहताना मला त्या मिस्त्रींची आठवण झाली.